मागच्या काचेवरचा तिरका ३

डिसेंबरच्या अंकात मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कनॅपोलिस गावच्या टर्किश टॉवेलच्या गिरणीवर लिहिलं होतं. शेवटी शेवटी, गावाची खूण म्हणून, त्याच गावच्या डेल अर्नहार्ट या स्टॉक कार शर्यतवाल्याचं नाव घेतलं, एवढंच. १८ फेब्रुवारी २००१ रोजी तो शर्यतीतल्या अपघातात गेला, त्याला यंदा पंचवीस वर्षं होतात. गिरणीवर मी दोन महिने खपलो होतो आणि पत्रं आली ती सगळी या गड्याबद्दल. हरकत नाही. मागून येऊन पुढे घुसायची त्याची सवय जुनीच आहे.

माझी मुलगी दोन वर्षांपासून कनॅपोलिसजवळच्या शार्लटला असते. शेजारच्या आजोबांच्या ट्रकच्या मागच्या काचेवर नुसता एक तिरका '३' चिकटवलेला आहे. नाव नाही, गाव नाही. तिनं विचारलं तर आजोबांनी हसून तीन बोटं वर केली. हे तुमच्या लेखातलेच का?
*– एक वाचिका, नाशिक*

तेच. नाव कशाला लिहायला हवं? पंढरपूरला निघालेल्या जीपवर 'कुठला विठ्ठल' असं कोणी लिहितं का!

काळी शेवरले, दारावर पांढरा तिरका ३. या गाडीनं आणि तिच्या चालकानं १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेचा दक्षिण भाग उभा-आडवा वाटून घेतला होता. त्याच्या बाजूचे आणि त्याच्या विरुद्धचे, तिसरा पक्ष नाही. सात वेळा अजिंक्यपद आणि ७६ शर्यती जिंकलेला माणूस. पण आजोबांची तीन बोटं त्या आकड्यांसाठी नाहीत. ते समजायला कनॅपोलिसला जावं लागेल.

मी सोलापूरचा. वडील मिलमध्ये विणाई खात्यात. भोंग्यावर घड्याळ लावायचं, पहिल्या पाळीचा डबा पहाटे भरायचा, हे अंगात मुरलेलं. पुढे माग बसवून देणाऱ्या एका कंपनीतर्फे कॅरोलायनात गेलो, तर तिथे तेच सोलापूर. विटांची लांबच लांब गिरणी, भोवती कामगारांची एकसारखी घरं, सगळ्यांच्या केसांत कापसाची पिंज. डेलचे वडील राल्फ या गिरणीतलेच. ते सोडून शर्यतीवर घर चालवायचं ठरवणारा माणूस गावात येडा ठरला असता, पण राल्फ जिंकत राहिले. १९५६मध्ये तर ते स्पोर्ट्समन गटाचे देशभराचे विजेते होते. घर सेदान ॲव्हेन्यू आणि कोच स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. त्या आळीतल्या रस्त्यांना मोटारींची नावं आहेत, हे मी रचून सांगत नाही. घरामागच्या गॅरेजमध्ये पोरगा वाढला, जसा पैलवानाचा पोरगा तालमीच्या मातीत वाढतो. नववीत शाळा सोडली. वडील रागावले, पण पोरगं बधलं नाही. १९७३मध्ये राल्फ हृदयविकारानं गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पोराकडे तेव्हा नाव नव्हतं, पैसा नव्हता. त्याची सुरुवातीची एक गाडी तर चक्क गुलाबी होती. रंग चुकला आणि पुन्हा मारायला पैसे नव्हते, असं सांगतात.

१९७९ला पहिला पूर्ण हंगाम आणि १९८०ला अजिंक्यपद. गिरणीतल्या माणसाला कळलं, हा आपल्यातला आहे. मी ज्या गिरणीत माग लावत होतो तिथला जॉबर सोमवारी सकाळी हजर झाला की आधी डेलचं काय झालं ते सांगायचा, मग कुठला माग बंद आहे ते.

डेल गेला त्या वर्षीच्या मे महिन्यात हा जॉबर मला शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीला घेऊन गेला. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेरे, लाखावर माणसं. कानात बोळे, मांडीवर उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. हो, तिकडेही आपल्यासारख्याच मिठात उकडून खातात. हिरवं निशाण पडलं. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्याला सगळं मैदान उभं राहिलं आणि तीन बोटं वर झाली. टीव्हीचे समालोचकही त्या वर्षी तिसऱ्या फेरीला गप्प बसत. खाली ४३ गाड्या छाती हादरवत जात होत्या, म्हणजे शांतता ऐकू येत नव्हती. ती दिसत होती. जॉबरचं एक बोट पेरभर आखूड, पूर्वी कधीतरी मागात गेलेलं. त्या आखूड बोटासकट त्यानं तीन बोटं धरली. फेरा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मग खाली बसला आणि शेंग सोलायला लागला.

तर ताई, मुलीला सांगा, आजोबांना एकदा शेंगा नेऊन द्या.

मी चाकणला गाड्यांच्या कारखान्यात काम करतो. स्टॉक कार म्हणजे शोरूममधली गाडी ना? मग ती ताशी तीनशे किलोमीटर कशी धावते? आणि नुसतं डावीकडे वळत राहण्यात कसब काय?
*– एक वाचक, राजगुरुनगर*

सुरुवातीला खरोखरच शोरूमची. १९ जून १९४९ला शार्लटमध्ये नॅसकार या स्टॉक कार मालिकेची पहिली शर्यत झाली. पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेला तपासणीत बाद केलं, कारण गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. का बदललेल्या? गाडी हातभट्टी वाहायची. मागे दारू भरली तरी गाडी खाली बसू नये आणि पोलिसांना संशय येऊ नये, म्हणून. या खेळाचं मूळच ते. डोंगरातली हातभट्टी रात्री शहरात पोचवणारी पोरं रविवारी मातीच्या ट्रॅकवर भिडायची. त्यांच्यातला ज्युनिअर जॉन्सन भट्टीपायी तुरुंगात जाऊन आला, पुढे मोठा शर्यतवीर आणि संघमालक झाला, आणि १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली.

डेलच्या काळापर्यंत मात्र शोरूमचं नावच उरलं होतं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन. दार उघडत नाही, खिडकीतून आत शिरायचं. हेडलाइट म्हणजे चक्क स्टिकर. तुमच्या कारखान्याच्या तपासणीत पहिल्याच टेबलावर अडकेल अशी गाडी.

आणि डावीकडे वळणं! फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकचं वळण ३१ अंशांनी कललेलं आहे. तिथे पायी चढून बघा म्हणजे कळेल. गाड्या एकमेकींच्या मागे हातभर अंतरावर धावतात, कारण पुढचीनं हवा फाडली की मागचीला फुकटची ओढ मिळते. ही युक्तीही १९६०मध्ये डेटोनाला आमच्या भट्टीवाल्या जॉन्सननंच हेरली. हवा दिसत नाही, पण डेलला ती दिसते असं लोक म्हणायचे. ऑक्टोबर २०००मध्ये टॅलाडेगाला पाचेक फेरे उरले असताना तो अठरावा होता आणि जिंकला. टीव्हीवर ते फेरे मी तीनदा पाहिले. तो कुठून कुठे शिरला हे अजून मला नीट सांगता येत नाही. तो त्याचा ७६वा आणि शेवटचा विजय.

काका, तुमच्या हिरोच्या क्लिप बघितल्या. हा तर लोकांना ठोकून पुढे जातो! ब्रिस्टलला १९९९मध्ये शेवटच्या फेरीत टेरी लबाँटीला फिरवून जिंकला. यात काय मोठेपणा?
*– एक विद्यार्थी, कोल्हापूर*

बाळा, तो माझा हिरो कधीच नव्हता. मी बिल एलियटचा माणूस. जॉर्जियातल्या डॉसनव्हिलचा, सरळ, तांबड्या केसांचा, फोर्डवाला. १९८७च्या मे महिन्यात शार्लटला या दोघांची जुंपली. धक्का लागून डेलची गाडी आतल्या गवतात गेली, आणि हा पठ्ठ्या गवतातून सुसाट बाहेर आला तो पुढेच. लोक त्याला 'गवतातला पास' म्हणतात. पुढच्याला मागे टाकलं तर पास. इथे पास कसला? तो आधीपासून पुढेच होता. पण गवतातही आघाडी सोडली नाही, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं आणि त्याचा मला अजून राग आहे.

ब्रिस्टलच्या रात्री तर जिंकलेल्या माणसाची इतकी हुर्यो झाली की बक्षीस समारंभ ऐकूच येईना. लबाडी होती का? माझ्या मते होती. सर्वांत लोकप्रिय चालकाचा चाहत्यांच्या मतांवरचा मान डेलला हयातीत एकदाही मिळाला नाही. तो माझा एलियट वर्षानुवर्षं घरी न्यायचा. डेलला तो मिळाला २००१ला, गेल्यावर. ज्यांनी पंधरा वर्षं हुर्यो केली तेही त्या वर्षी तीन बोटं वर करून उभे होते. मीही होतो. शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न पडला होता, दुसरं काय!

एक मात्र बघ. डेटोनाची ५०० मैलांची शर्यत त्याला एकोणीस वर्षं हुलकावणी देत होती. विसाव्या खेपेला, १९९८मध्ये, जिंकला. गाडी पिटच्या (गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या) रस्त्यानं येत होती तेव्हा सगळ्या संघांची माणसं रांगेनं येऊन त्याच्या हातावर हात मारत होती. त्यानं ठोकलेल्यांची सुद्धा. ती क्लिप शोध.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. त्याच्या अपघाताचं चित्रण पाहिलं. गाडी फारशी चेपलेलीही दिसत नाही. मग मृत्यू कसा?
*– एक डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर*

तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. डेटोनाच्या २००१च्या शर्यतीचा शेवटचा फेरा, चौथं वळण. पुढे मायकेल वॉल्ट्रिप आणि डेलचा मुलगा, दोन्ही गाड्या डेलच्याच मालकीच्या. स्वतः तिसरा, मागच्यांना अडवून धरलेला. धक्का लागला, गाडी वर चढली आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास काँक्रीटच्या भिंतीवर गेली. पट्ट्यांनी धड धरून ठेवलं, डोकं पुढे गेलं आणि कवटीच्या तळाशी अस्थिभंग झाला. आधीच्या नऊ महिन्यांत ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तिघे तरुण चालक शर्यतींत किंवा सरावात गेले होते. पण त्यांच्यात डेल नव्हता, म्हणून फारसं काही हललं नव्हतं. हे कडू आहे, पण असंच आहे.

डोकं आणि मान धरून ठेवणारं हान्स नावाचं साधन १९८०च्या दशकातच तयार झालं होतं. शर्यतवाला जिम डाउनिंग आणि त्याचे मेहुणे, बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांनी ते घडवलं. डेलला ते आवडत नसे. हेल्मेटही तोंड उघडं राहणारं जुन्या पद्धतीचं. ऑक्टोबर २००१मध्ये मान धरणारं साधन सक्तीचं झालं, आणि २००२पासून भिंतींपुढे पोलादी नळ्या आणि फोमचे अडसर यायला लागले. त्यानंतर नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

शर्यत वॉल्ट्रिप जिंकला, ४६३व्या प्रयत्नात पहिल्यांदा. आनंद करताना त्याला मागे काय झालंय ते माहीत नव्हतं.

इतका लोकप्रिय खेळ होता, मग आता का ओसरला?
*– एक वाचक, सांगली*

एका वाक्यात सांगायचं तर गावातला खेळ गावाबाहेर गेला. १९७९ला डेटोनाची शर्यत पहिल्यांदा पूर्ण, थेट टीव्हीवर दिसली. पूर्वेकडे हिमवादळ, लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळले, रिचर्ड पेटी जिंकला, आणि आदळलेले गवतावर मारामारी करताना सगळ्या देशानं पाहिले. तिथून वीस-पंचवीस वर्षं चढती कमान. मग पैसा आला आणि पैशामागे शर्यती मोठ्या शहरांकडे गेल्या. नॉर्थ विल्क्सबरो १९९६नंतर बंद पडलं, रॉकिंगहॅमची मोठी शर्यत २००४नंतर गेली. दोन्ही गिरण्या-डोंगरांच्या मुलखातले ट्रॅक. विल्क्सबरोला २०२३मध्ये मोठी शर्यत परत आली, तेव्हा मी इथे सोलापुरात रात्री जागून बघितलं. नियमही दर दोन वर्षांनी बदलले. गुण कसे मोजतात ते आता मला विचारू नका.

आणि प्रेक्षक? कनॅपोलिसची गिरणी २००३च्या जुलैमध्ये एका दिवसात बंद झाली. तिकिटाचे पैसे कुठून यायचे?

त्या दिवसांची एखादी वस्तू जपून ठेवली आहे का?
*– एक वाचिका, सोलापूर*

एकच. शार्लटच्या त्या मे महिन्यातल्या शर्यतीत टायरचा झिजून उडालेला एक काळा तुकडा माझ्या शेंगांच्या पिशवीत पडला. वालाच्या दाण्याएवढा. इतक्या गाड्यांतून कुणाचा कुणास ठाऊक, ३ नंबरचा तर नक्कीच नाही. तो मी काडेपेटीत घालून इकडे आणला. सौभाग्यवतींनी घर आवरताना दोनदा फेकला, दोनदा मी कचऱ्यातून काढला. आता कपाटात, कपड्यांच्या घड्यांमागे असतो. त्याला अजून रबराचा वास येतो असं मी म्हणतो. ती म्हणते, डांबरगोळीचा.