नाव कुणाच्या मस्टरवर?

पहिल्यांदाच पत्र लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, मी वकील नाही आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापकही नाही. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात १९८९ ते २०२१ अशी बत्तीस वर्षं काढली. हजेरी, ओटी (ओव्हरटाइम), रजा, गेटपास एवढंच माझं राज्य. त्यामुळे ‘मुलाला नोकरी लागली’ असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून पेढ्याच्या आधी प्रश्न निघतो : नाव कुणाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आहे? बायको म्हणते, असं विचारू नये, लोकांना राग येतो. येतोच. तुमची पत्रं आणि त्यांना माझी उत्तरं खाली देतो.

काका, मी गंगापूर तालुक्यातला. आयटीआय फिटर. २०२१ पासून वाळूजला एकाच कंपनीत, एकाच प्रेसवर आहे. सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात, पंधरा-वीस दिवस गावी बसतो, परत बोलावतात. आतापर्यंत तीन ठेकेदार बदलले, मशीन तेच. सुपरवायझर म्हणतो, टिकून राहा, परमनंट होशील. होईन का?

सुपरवायझर स्वतः कुणाच्या मस्टरवर आहे ते आधी बघ. हल्ली तेही ठेकेदाराचे असतात.

ब्रेकचं गणित तुला कुणी समजावलं नसेल. मी समजावतो, कारण ते गणित मीच करायचो. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग वर्षाची सेवा धरली जाई. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तर बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे २४० दिवस भरले की त्याला कायम करा, असंच लिहिलेलं होतं. कायदा कामगाराच्या भल्यासाठी केलेला. पण आमच्या ऑफिसात २४० हा आकडा विजेच्या उघड्या तारेसारखा होता, त्याला हात लागू द्यायचा नाही. दर महिन्याच्या २५ तारखेला मी तात्पुरत्या पोरांच्या हजेरीची बेरीज मारायचो. २१० च्या पुढे गेला की नावापुढे टिंब. तेही पेन्सिलीनं, कारण शाईचं टिंब इन्स्पेक्टरला दिसतं. टिंबवाल्यांची यादी साहेबांच्या टेबलावर जायची आणि पंधरवड्याच्या आत गेटपास जमा. पुढे कॉम्प्युटर आला, मग यादी आपोआप निघायला लागली.

एकदा एका पोराचे २३८ झालेले माझ्या नजरेतून सुटले. मला मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला त्याला गेटवरूनच परत पाठवलं, डबा हातात तसाच. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही. हे इथं पहिल्यांदा लिहितोय.

नंतर कंपन्यांना टिंबांचाही कंटाळा आला. मस्टरच दुसऱ्याचं करून टाकलं. मशीन कंपनीचं, माल कंपनीचा, शिव्या कंपनीच्या सुपरवायझरच्या, पण हजेरी ठेकेदाराची. यावर खूप खटले झाले. २००१ साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ठेका पद्धत बंद झाली तरी ठेक्याचे कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. ठेका नुसता दाखवण्यापुरता, खोटा आहे असं म्हणायचं असेल तर ते औद्योगिक न्यायालयात सिद्ध करायचं. म्हणजे पुरावा तुझ्याकडे हवा. आणि पुरावा असतो टाइम ऑफिसात.

तेव्हा सरळ उत्तर : नुसतं टिकून राहून परमनंट होण्याची शक्यता मला फार दिसत नाही. होतात थोडे, नाही असं नाही. पण त्या भरवशावर बसू नकोस. वेळ हातात आहे तोवर प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायला शिक. डाय सेटरला दुसऱ्या गेटवर बोलावून घेतात, नुसत्या ऑपरेटरला रांगेत उभं करतात. रात्रपाळीला डाय बदलतात तेव्हा चहाला जाऊ नकोस, तिथंच उभा राहा.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण यात तुमची बहुतेक पोरं फसतात. ब्रेक मिळाला की पीएफ काढता ना? गणपती, बहिणीचं लग्न, मोटरसायकलचा हप्ता, कारण काही असो. पीएफबरोबर पेन्शनचा फॉर्म भरून तेही पैसे उचलले की तेवढी सेवा पुसली जाते. पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात आणि ती एकाच मालकाकडे हवीत असं नाही. तीन ठेकेदारांचे तुकडे जोडता येतात, पण यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच हवा आणि जुनी खाती नव्यात वर्ग केलेली हवीत. ठेकेदार दरवेळी नवा यूएएन काढायला बघतो, त्याला ते सोपं जातं. तू जुना नंबर लिहूनच दे. पासबुक मोबाइलवर दिसतं. कापलेले पैसे भरलेत की नाही, हे दर तीन महिन्यांनी बघ. पेन्शन किती, तर किमान १००० रुपये. हसू नकोस, माझ्या ओळखीत त्या हजारासाठी बँकेच्या दारात उभे राहणारे आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता आल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले. तुझ्या कामाच्या दोन गोष्टी. नेमणुकीचं पत्र आता द्यावंच लागतं. आणि त्या पत्रावर ‘निश्चित मुदतीची नेमणूक’ असेल तर वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. पत्र माग. दिलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर माग, म्हणजे मागितल्याचं तरी राहील. पगाराच्या स्लिपा आणि तिन्ही ठेकेदारांच्या गेटपासचे फोटो काढून ठेव. गेटपास जमा करायच्या आधी काढ, नंतर कोण देतो?

मुलगा सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी, तलाठी, सगळ्याची तयारी करतोय. वय २९. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला नऊ-दहा हजार पाठवतो. दोन एकर कोरडवाहू आहे. किती दिवस पाठवू? (वडील, जालना जिल्हा)

तुमचा मुलगा वेडा आहे असं मी म्हणणार नाही. ज्या नोकरीत नाव सरकारच्या मस्टरवर चढतं आणि कुणी पेन्सिलीचं टिंब मारत नाही, तिच्यामागे पोरं धावणारच. गर्दी मात्र बघा. २०२३ ला तलाठ्याच्या ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला फी १००० रुपये, मागास गटाला ९००. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज. यात हुशार पोरगंही राहून जातं, त्याचा दोष नसतो.

अडचण अशी की एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागास गटाची ४३. म्हणजे थांब असं सरकार सांगणार नाही आणि क्लासवाला तर नाहीच नाही. ते घरालाच सांगावं लागतं, आणि बापाच्या तोंडून ते निघत नाही, मला कल्पना आहे. आमच्या गेटवर तिशीचा पदवीधर ट्रेनी म्हणून आला की साहेब विचारायचे, इतकी वर्षं काय केलं? अभ्यास केला, हे उत्तर त्यांना पटायचं नाही. अन्याय आहे, पण असंच चालतं.

पैसे एकदम तोडू नका. पुण्याला जा, त्याच्या खोलीत एक रात्र राहा आणि दोघं मिळून तारीख ठरवा, अमुक परीक्षेचा निकाल लागला की खोली सोडायची. तोवर अर्धा दिवस काम करू दे, हिशेबाचं, दुकानातलं, कसलंही. मात्र खोलीतल्या इतर पोरांसमोर हे बोलू नका.

सर, कॉलेजात शिकवतात की देशात बेरोजगारी ३.२ टक्के आहे. आमच्या गावच्या पारावर सकाळी दहा वाजता मोजली तर बावीस पोरं होती. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. सरकारी श्रमबल सर्वेक्षणाचा २०२३-२४ चा आकडा ३.२ टक्केच आहे. पण त्यात ‘काम’ कशाला म्हणतात ते बघ. वर्षात तीस दिवस केलेलं किरकोळ कामही धरतात. घरच्या शेतात किंवा दुकानात पगार न घेता हात लावला तरी तो माणूस कामावर. पारावरच्या त्या बावीसांपैकी किती जण सकाळी म्हशीची धार काढून आले होते, विचार. ते सगळे हिशेबात रोजगारवाले. त्याच अहवालात १५ ते २९ वयाच्या पोरापोरींत बेरोजगारी १०.२ टक्के आहे, तो आकडा वर्गात विचारून बघ.

मला त्याहून दुसरी ओळ टोचते. २०१८-१९ ला देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, २०२३-२४ ला ४६.१. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की माणसं शेतीतून कारखान्याकडे जाणार. कोरोनात माणसं वाळूजजवळच्या बजाजनगरच्या खोल्या सोडून गावी परतली, त्यातली कितीतरी तिकडेच राहिली. दोन भावांचं काम चार भाऊ करतात आणि चौघंही कामावर. त्यांचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. सातबाऱ्यावरसुद्धा बापाचंच.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात होते. मुदत संपली. तो अनुभव धरतात का? कायम करतील का?

ताई, कायम करण्याचं बंधन त्यात नाही. तुम्हाला मिळत होतं ते विद्यावेतन, पगार नव्हे : बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग पाच वाढवले. काम पूर्ण कारकुनाचं करून घेतलं असेल, तरी कागदावर तुम्ही शिकत होता. प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर नेमकं काय काम केलं ते लिहून मागा. नुसतं ‘प्रशिक्षण पूर्ण’ याला खासगीत कुणी विचारत नाही.

आम्ही नवराबायको दोघंही चिकलठाण्याला ठेकेदाराकडे. मला वीस हजार, तिला सतरा. दोघांच्याही स्लिपवर ‘पीटी २००’ कापलेले असतात. हा कसला कर? आम्हाला काय मिळतं त्यातून?

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला खिडकीवर फार थोड्यांनी विचारला. पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रानं तो १९७५ साली आणला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांच्या डोक्यातली ही योजना. आधी सांगली जिल्ह्यात तासगावकडे छोट्या प्रमाणात करून पाहिली, मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि ती राज्यभर गेली. १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला. गावातल्या माणसानं काम मागितलं तर सरकारनं ते द्यायचं आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडे पैसे द्यायचे, असा तो व्यवहार. देशाचा रोजगार हमीचा कायदा यायला २००५ उजाडलं.

१९७२ ला मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या कोरड्या खाऊच्या, आशेनं तिच्यामागे. शनिवारी मुकादम झाडाखाली मस्टर उघडायचा. आई रांगेत तिसरी-चौथी असतानाच पदराला उजव्या हाताचा अंगठा पुसायला लागायची. धुळीनं ठसा फिसकटला तर पैसे बुडतील, अशी तिची समजूत. पुसून पुसून अंगठा लाल व्हायचा. टाइम ऑफिसात लागल्यावर पंचिंग मशीन आलं, कामगार बोट शर्टाला पुसून मशीनवर ठेवायचे, तेव्हा मला दरवेळी ते झाड दिसायचं.

असो. तुमच्यापुरतं सांगतो. तुमचे २०० बरोबर आहेत, दहा हजारांच्या वर पगार असला की तेवढेच. पण एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर नाहीच. तिच्या सतरा हजारांतून २०० कापायचा ठेकेदाराला काही अधिकार नाही, आणि कापलेले कुठे जातात तेही विचारायला हवं. गेल्या सगळ्या महिन्यांच्या स्लिपा घेऊन दोघं मिळून जा. एकटीला पाठवू नका, तिला उडवून लावतील. आणि फेब्रुवारीच्या पगाराआधी जा, त्या महिन्यात २०० नाही, ३०० कापतात.