स्फटिकातला हलका इलेक्ट्रॉन बाहेर काढला तर हलकाच राहतो का?

तुम्ही विचारलंय की गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहक स्फटिकामध्ये इलेक्ट्रॉनचं वस्तुमान नेहमीच्या ०.०६७ पट असतं, तर तो बाहेर काढल्यावरही तेवढाच हलका राहतो का. नाही राहत. बाहेर येतो तो अगदी नेहमीचा इलेक्ट्रॉन, जगातल्या इतर कुठल्याही इलेक्ट्रॉनसारखा.

आत जे फिरत असतं ते क्वासिपार्टिकल: इलेक्ट्रॉन, त्याच्यावर स्फटिकातल्या अणूंच्या जाळीचा पडणारा प्रभाव आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांची हालचाल, सगळं मिळून. (मराठीत याला कुणी 'आभासी कण' म्हणतात, मी टाळतो. तो शब्द व्हर्च्युअल पार्टिकलसाठीही वापरतात आणि विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो.) आपण विद्युतक्षेत्र लावतो तेव्हा इलेक्ट्रॉनला जाळीचेही धक्के बसत असतात. ते वेगळे मोजत बसण्याऐवजी आपण सगळा परिणाम वस्तुमानात धरतो, म्हणून तो पंधरापट हलका भासतो. उलट सिरियम-ॲल्युमिनियमच्या एका संयुगात तो शेकडो पट जड भासतो, कारण तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना फार अडवतात. पाण्यातला बुडबुडा आठवा. तो वर चढतो, त्याचा वेग मोजता येतो, पण पाण्याबाहेर काढून हातावर ठेवता येत नाही.

मग आतलं कळतं कसं? प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर उडवायचा आणि त्याची ऊर्जा व कोन मोजायचा. तो साधाच असतो, पण किती ऊर्जा आणि संवेग घेऊन निघाला यावरून आतल्या क्वासिपार्टिकलचा हिशेब लागतो. मोजलेल्या ऊर्जेच्या आलेखातलं शिखर जितकं रुंद, तितकं त्या क्वासिपार्टिकलचं आयुष्य कमी. मला ही पद्धत फार आवडते.

सगळ्यात विलक्षण गोष्ट प्रभाराची आहे. अतिशय थंड, प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या द्विमितीय इलेक्ट्रॉनांमध्ये (एका सपाट थरात अडकलेल्या, द्रवासारख्या एकत्र वागणाऱ्या) इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश प्रभाराची क्वासिपार्टिकल असतात. १९९७ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत आणि फ्रान्समधल्या साक्ले इथे विद्युतप्रवाहातला गोंगाट, म्हणजे त्यातले बारीक चढउतार, मोजून हा प्रभार थेट पकडला. त्यासाठी प्रवाह त्याच इलेक्ट्रॉन-द्रवाच्या एका चिंचोळ्या भागातून न्यावा लागला. द्रवाचे दोन तुकडे करून मध्ये रिकामी फट ठेवली, तर ती ओलांडून जातो तो पूर्ण इलेक्ट्रॉनच. एक तृतीयांश प्रभाराला त्या फटीत पाय ठेवायला जागाच नसते.