जळगावात एमएस्सी करतोय, बॅक्टेरियाच्या साखर पकडणाऱ्या प्रोटीनचं स्ट्रक्चर काढायचंय, अल्फाफोल्डवर भागेल का?

अर्धं भागेल भाऊ, अल्फाफोल्ड म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रोटीनच्या घडीचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम. मी धुळ्याचा, असल्याच एका लेक्टिनवर (साखर पकडणाऱ्या प्रोटीनवर) चार वर्षं घासलीत, म्हणून जरा मोकळंच सांगतो.

तू लिहिलंयस की तुझं प्रोटीन स्यूडोमोनास बॅक्टेरियाच्या लेकबी लेक्टिनसारखं दिसतं. लेकबी म्हणजे शंभर-सव्वाशे अमिनो आम्लांची छोटी साखळी, अशा चार मिळून एक टेट्रामर. घडी अल्फाफोल्ड झकास काढून देईल, त्यात वाद नाही. पण लेकबीत फ्युकोज ही साखर नुसत्या प्रोटीनला धरत नाही, ती शेजारी शेजारी बसलेल्या दोन कॅल्शियमना थेट चिकटते, अन् अल्फाफोल्ड 2 च्या मॉडेलमध्ये ना कॅल्शियम ना साखर. 2024 चं अल्फाफोल्ड 3 आयन बसवून देतं, पण लेकबीची स्ट्रक्चर्स पीडीबीत, म्हणजे प्रोटीन स्ट्रक्चर्सच्या जाहीर साठ्यात, कधीची पडलीयेत, म्हणजे ते पाठ केलेलं उत्तरच लिहितंय की काय हे कळत नाही, निदान मला तरी.

म्हणून आधी स्वस्तातली टेस्ट कर. गोल बुडाची 96 खळग्यांची प्लेट, रक्तातल्या धुतलेल्या लाल पेशी अन् तुझं प्रोटीन. पकडत असेल तर पेशींची जाळी होऊन बुडाशी चादर पसरते, नाहीतर सगळ्या घसरून मधोमध लाल ठिपका होतो. मग त्यात फ्युकोज टाक. चादरीचा परत ठिपका झाला तर समज साखरेची जागा खरी आहे. ईडीटीए टाकून पण बघ, ते कॅल्शियम ओढून घेतं. मी सवयीने बफरमध्येच ईडीटीए घालायचो अन् प्रोटीन शुद्ध करायच्या कॉलमला ते का धरत नाही म्हणून महिनाभर डोकं खाजवत होतो 😅

खऱ्या स्ट्रक्चरसाठी प्रोटीनचा क्रिस्टल लागतो, त्याचं तर विचारूच नको भो. मे महिना, एसी बंद पडलेला, अन् एका थेंबात सुंदर टोकदार क्रिस्टल! अख्ख्या लॅबला चहा पाजला. सरांनी सुई लावली तर कट्ट वाजलं. प्रोटीनचा क्रिस्टल असा वाजत नाही, तो मऊ असतो, भुगा होतो. माझ्या थेंबात कॅल्शियम होतं अन् बफर फॉस्फेटचं, म्हणजे मी कॅल्शियम फॉस्फेट, मीठच पिकवलं होतं. तेव्हापासून ट्रिस बफरशिवाय हात लावत नाही.

खरा क्रिस्टल मिळाला तर लांब जायची गरज नाही, इंदूरला आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात इंडस-2 हा जोरदार एक्स-रे देणारा सिंक्रोट्रॉन आहे, त्याच्या बीमलाइन 21 वर प्रोटीनचा डेटा घेतात, आपल्याला आग्रा रोडने सेंधव्यावरून सरळ. फक्त गोठवायच्या आधी काही क्रिस्टल फ्युकोजमध्ये भिजवून ने, रिकाम्या खाचेचं स्ट्रक्चर घेऊन परत येऊ नको, मी तसाच आलो होतो अन् परत तारीख मागावी लागली.

आधी प्लेट लाव, चादर आली का ठिपका ते इथंच सांग.