कामासाठी गाडी चालवणाऱ्यांच्या अपघातांची जबाबदारी कुठल्या देशात कोणावर असते?

बऱ्याच देशांत गाडी चालवण्याच्या तासांना मर्यादा आहेच. खरा फरक पडतो तो ड्रायव्हरला घाई करायला लावणाऱ्याला कायदा पकडतो की नाही, यात.

माझ्या मते इथे ऑस्ट्रेलिया सर्वांत पुढे. तिथल्या जड वाहनांच्या कायद्यात ‘जबाबदारीची साखळी’ आहे: माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, माल घेणारा, सगळेच त्यात येतात. ‘पहाटेपर्यंत पोचवच’ असं सांगून अशक्य वेळ देणारा मॅनेजरही दोषी ठरू शकतो. (आपल्याकडे अपघात झाला की आधी ड्रायव्हरची कॉलर पकडतात.)

युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास. आठवड्यातून दोनदा १० चालतात. नोंद टॅकोग्राफ हे गाडीत बसवलेलं यंत्र ठेवतं. शिवाय सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने किलोमीटरवर किंवा मालाच्या वजनावर बोनस द्यायला बंदी. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत ट्रकवाल्यांना मालवाहतुकीत ११ तास चालवता येतं, म्हणजे मर्यादा सैल. पण इलेक्ट्रॉनिक नोंद तिथेही आहे. जपानने एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या ओव्हरटाइमला वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली.

भारतात १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास ठरवले होते. कागदावर युरोपपेक्षाही कडक! पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एक-दोन ट्रकवाला मालक त्यातून सुटायचा, आणि मालक स्वतःच स्टिअरिंगवर असेल तर त्याचे तास मोजणार कोण?