माशांच्या छोट्या टाकीत आधी काय सोडू?
अरे दीड फुटी टाकी म्हणजे साधारण 30 लिटर पाणी, त्यात दुकानदार गोल्डफिश गळ्यात मारेल तर घेऊ नकोस, ती मोठी होते आणि घाण भयंकर करते. पहिले तीन-चार आठवडे टाकीत नुसती झाडं ठेव आणि फिल्टर चालू. सगळे नवशिके इथेच घाई करतात, मीपण केली होती, आठ दिवसांत सगळे मासे उताणे.

मग हार्लेक्विन रासबोरा (छोटे, थव्यात राहणारे मासे) सात-आठ आण, बस. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ (कमी क्षारांचं) असतं, ते त्यांना मानवतं. गप्पी माशांना उलट जरा जड (जास्त क्षारांचं) पाणी लागतं आणि पिल्लांनी टाकी भरते ती वेगळीच कटकट.

कोळंबी (खायची नाही हां, घरचे विचारतीलच!) चेरी जातीची घे, दहा पुरेत, पण टाकीत थोडं शेवाळ आल्यावर. मऊ पाण्यात कात टाकताना मरतात, म्हणून किनाऱ्यावरच्या चार शिंपल्या उकळून टाकीत ठेव. फायटर मासा सोबत नको, कोळंबीची पिल्लं खातो. माशांच्या औषधात तांबं असेल तर कोळंबी साफ.

- खाणं चिमूटभर, एक दिवस उपास चालतो
- आठवड्याला पाव पाणी बदल, नळाचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत भरून ठेव

मे महिन्यात टाकीचं झाकण काढून पंखा लाव, दमटपणामुळे फार फरक नाही पडत पण थोडा पडतो. पावसात लाईट जाते तेव्हा मासे कमी असलेलेच बरे. झाडांसाठी खतं, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) वगैरे आत्ता विचारूच नकोस.