जिप्सीच्या १.३ इंजिनाचा स्ट्रोक वाढवण्यापूर्वी क्रँकपिनच्या रेडियसचा विचार करा

आपल्या गटातील कागलच्या एका सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांची १.३ लिटरची एमपीएफआय (इंधन इंजेक्शनची) मारुती जिप्सी चार माणसे आणि सामान घेऊन वैभववाडीहून परतताना करूळ घाटात दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारागिराने क्रँकपिन (क्रँकचा तो भाग, ज्यावर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड बसतो) ऑफसेट ग्राइंड करून, म्हणजे एकाच बाजूने घासून तिचे केंद्र सरकवून, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली सरक) चार मिलिमीटरने वाढवण्याचा सल्ला त्यांना दिला आहे, तर तो मानावा का? काही वर्षांपूर्वी याच इंजिनासाठी हाच सल्ला मला मिळाला होता आणि त्याप्रमाणे कामही झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी पदवीधर अभियंता नाही. खालील मते एका गाडीमालकाची आहेत, ती तशीच वाचावीत.

हिशेब तुम्ही केलाच असेल, तरी एकदा समोर मांडतो. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे १२९८ सीसी. ४२ मिलिमीटरची क्रँकपिन बाहेरच्या बाजूला सरकवून ३८ वर घासली, तर तिचे केंद्र दोन मिलिमीटरने बाहेर जाते, स्ट्रोक ७९.५ होतो आणि क्षमता १३६८ सीसीच्या आसपास पोहोचते. वाढ सुमारे पाच टक्के. त्यासाठी ३८ मिलिमीटर पिनवर बसणारे कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग शोधावे लागतात आणि गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) भोक दोन मिलिमीटर वर असलेले पिस्टन लागतात, कारण तसे न केल्यास पिस्टन ब्लॉकच्या वर डोके काढतो. हेडमधील जागा तेवढीच ठेवल्यास कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढते. मूळ प्रमाण ९ धरले तर ते ९.४ च्या पुढे जाते. सहा हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.१ मीटरवरून १५.९ मीटरवर जातो, म्हणून पूर्वीइतके आरपीएम ओढण्याचा मोह टाळावा लागतो. या सर्व गोष्टी पैसे आणि चिकाटी असल्यास जमतात. खरा धोका क्रँकमध्येच आहे, आणि त्याबद्दल कोणीही आपणहून बोलत नाही.

झिजलेली पिन नीट करण्याचे नेहमीचे अंडरसाइज ग्राइंडिंग आणि ऑफसेट ग्राइंडिंग ही दोन वेगळी कामे आहेत. अंडरसाइजमध्ये पिन सर्व बाजूंनी सारखी घासली जाते आणि निघणारे धातू एका बाजूला ०.१२५ किंवा ०.२५ मिलिमीटर इतकेच असते. ऑफसेटमध्ये बाहेरच्या बाजूला जवळजवळ काहीच निघत नाही आणि आतल्या बाजूला पूर्ण चार मिलिमीटर निघतात. क्रँकपिनला हार्डनिंग केलेले असेल, तर तो कडक थर एका बाजूला शिल्लक राहतो आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतो किंवा संपूर्ण जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रँकपिन आणि मेन जर्नल (ज्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो तो भाग) यांचा परस्परांवर येणारा भाग. मेन जर्नल ४५ आणि पिन ४२ असताना हा भाग ५.७५ मिलिमीटर असतो. पिन ३८ करून दोन मिलिमीटर बाहेर नेली की तो १.७५ मिलिमीटर उरतो. क्रँकची ताकद बऱ्याच अंशी याच भागावर अवलंबून असते. तो इतका कमी झाल्यावर पिन जेथे वेबला (पिन आणि जर्नल जोडणाऱ्या बाजूच्या भिंतीला) मिळते त्या कोपऱ्यातील रेडियसवरच, म्हणजे गोलाईवरच, सगळा ताण एकवटतो.

माझ्या क्रँकचा घात या रेडियसनेच केला. ज्या कारखान्याला काम दिले त्याचे नाव मी लिहिणार नाही. त्यांना दिलेल्या रेखाचित्रात प्रत्येक पिनच्या दोन्ही कोपऱ्यांचा रेडियस स्पष्ट लिहिलेला होता आणि तो कमी करू नये अशी तोंडी सूचनाही दिलेली होती. त्यांनी ग्राइंडिंग व्हीलच्या कडा त्या रेडियसला ड्रेस करण्याचे (त्या आकारात घडवण्याचे) कष्ट घेतले नाहीत. ट्रॅक्टरचे क्रँक घासण्यासाठी चढवलेले व्हील होते तसेच वापरले, आणि कोपरा जवळजवळ काटकोनात सुटला. पिनचा व्यास मायक्रोमीटरवर अचूक होता, पृष्ठभाग चकचकीत होता, त्यामुळे बेअरिंग बसवताना कोणालाही शंका आली नाही. गाडी काही महिने उत्तम चालली. नंतर आंबा घाटात भार असताना तिसऱ्या पिनच्या कोपऱ्यातून क्रँक तुटला आणि रॉडने ब्लॉकला भोक पाडले. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यावर दिसतात तशा वलयरेषा होत्या आणि त्या सगळ्या त्या धारदार कोपऱ्यापासून सुरू होत होत्या. हळूहळू वाढत गेलेल्या फटीची ही खूण असते.

कारखान्याचे उत्तर असे होते, की मूळ मापाबाहेरच्या कामाची हमी ते देत नाहीत. बिलावर ‘क्रँक ग्राइंडिंग, चार पिना’ एवढेच लिहिलेले होते. ऑफसेट किती, रेडियस किती, याचा कोठेही उल्लेख नव्हता आणि माझे रेखाचित्र त्यांच्याकडे सापडले नाही. मला पैशांपेक्षा या वागण्याचा अधिक राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या शहराचा उद्योग नदीकाठच्या शेतीला पाणी उपसणाऱ्या तेलाच्या इंजिनांवर उभा राहिला, तेथे क्रँकचा कोपरा कसा सोडावा हे कोणाला ठाऊक नाही असे मानता येत नाही. ठाऊक असूनही वेळ वाचवला गेला.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की क्रँक कोणाच्याही हाती देण्याआधी जॉब कार्डावर चारही पिनांचा व्यास, थ्रो (क्रँकच्या केंद्रापासून पिनच्या केंद्राचे अंतर), टेपर (पिनच्या दोन टोकांच्या व्यासातील फरक) आणि दोन्ही कोपऱ्यांचा रेडियस छापील किंवा हस्ताक्षरात लिहून घ्यावा आणि त्यावर शिक्का घ्यावा. जो लिहून देण्यास कां-कूं करतो, त्याच्याकडे काम देऊ नये. परत घेताना रेडियस गेज लावून पाहावे, तेलाच्या छिद्रांच्या कडा गोल केल्या आहेत का हे बोटाने तपासावे, आणि शिरोलीच्या बाजूला फौंड्रींची कामे करणाऱ्या प्रयोगशाळेत मॅग्नेटिक क्रॅक तपासणी आणि हार्डनेस तपासणी करून घ्यावी. बॅलन्सिंग नव्या पिस्टन-रॉडसह करावे; जुन्या वजनांवर केलेले बॅलन्सिंग येथे उपयोगाचे नाही.

कायद्याबद्दल मी वकील नाही, तरीही सांगणे भाग आहे. घनक्षमता ही आरसीवरील नोंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी. जुन्या बलेनो कारचे १५९० सीसीचे इंजिन, म्हणजे बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०, बसवण्याचा पर्यायही अनेकजण सुचवतात. यांत्रिकदृष्ट्या मला तो घासलेल्या क्रँकपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो, परंतु त्यालाही आधी परवानगी लागते. शिवाय १५०० सीसीच्या वर गेल्यावर, जून २०२२ पासूनच्या दरांनुसार, खासगी कारचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ३४१६ रुपयांवरून ७८९७ रुपयांवर जातो.

तुमच्या गाडीचे टायर मूळ मापापेक्षा मोठे आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मोठे असतील तर पाच टक्क्यांहून अधिक ओढ तेथेच गेलेली असू शकते आणि ती परत मिळवण्यासाठी क्रँकला हात लावावा लागणार नाही. आधी कॉम्प्रेशन, क्लच आणि टायर पाहावेत. त्यानंतरही स्ट्रोक वाढवायचाच असेल तर क्रँकची सध्याची मापे कळवा, कारण पिना आधीच ४१.५ वर घासलेल्या असतील तर ३८ पर्यंत जाऊनही स्ट्रोक ७९ च होईल आणि क्षमता १३५९ सीसीवर थांबेल.