ध्यानाला बसताना येणाऱ्या अडचणी : प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न ‘मन ऐकत नाही’ या तक्रारीचे आहेत. उत्तरं मात्र बरीचशी बैठक आणि श्वासाभोवतीच फिरतील. मनाला दोष देण्याआधी या दोन गोष्टी तपासलेल्या बऱ्या.

प्रश्न : डोळे मिटले की विचारांची रांगच लागते. दहा मिनिटांत एक क्षणही शांत जात नाही. माझं काय चुकतंय?

विचार येण्यात काही चुकत नाही. चुकतं ते त्यांना हुसकावण्यात, कारण हुसकावणं हाही विचारच. मनाला एक छोटं काम द्या : श्वास मोजा. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’, पुढचा गेला की ‘दोन’, असं १० पर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. मध्येच आकडा विसरलात किंवा भानावर आलात तेव्हा १७ चालू असले, तर हिशेब न लावता सरळ एकवर या. सुरुवातीला तीन-चारच्या पुढे जाणं जमत नाही, ते नेहमीचंच आहे. दहापर्यंत पोचण्याची शर्यत लावू नका. आकडा बिनचूक आणि मन भलतीकडे, असंही होतं. तसं झालं तर १० पासून उलटे मोजा.

प्रश्न : पंधरा मिनिटांत पाय बधिर होतात, कंबर धरते. सहन करत बसावं का?

नाही. जमिनीवर सपाट बसलं आणि गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की कमरेचं हाड मागे कलतं, कंबरेचा खालचा भाग गोल होतो आणि पाठीचे स्नायू सगळा वेळ ताणलेले राहतात. ब्लँकेटची ८ ते १० सेंटिमीटर जाड घडी करून तिच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे खाली टेकले पाहिजेत. अधांतरी राहिले तर मांडीखाली उशी सरकवा. पाय बधिर होतो तो नसेवर दाब आल्यामुळे. तो सोसण्यात कसलीच साधना नाही. बधिर पायावर झटकन उभे राहू नका, घोटा मुरगळतो. आणि खुर्ची चालते का? उत्तम चालते. पाठ न टेकता पुढच्या निम्म्या भागात बसायचं, तळवे पूर्ण जमिनीवर.

प्रश्न : श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरल्यासारखं होतं, कधी बोटांना मुंग्या येतात.

याचा अर्थ तुम्ही श्वास पाहत नाही, ओढताय. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. जोरजोरात खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्यामुळे घाबरून माणूस आणखी जोरात श्वास घेतो.

श्वास भरण्यापेक्षा सोडण्याकडे बघा. नाकाने ४ सेकंद सहज आत, ६ सेकंद बाहेर. छाती पूर्ण भरायची नाही, मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला ६ श्वास होतात. एरवी प्रौढ माणसाचे १२ ते २० असतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. ४-६ जड गेलं तर ३-४ करा. पाच मिनिटं पुरे. तरीही गुदमरत असेल तर श्वासाकडे बघणंच थांबवा आणि लक्ष तळपायांवर ठेवा : जमिनीचा थंडपणा, टाचेवरचा दाब. तेही ध्यानच.

एरवी चालता-फिरतानाही धाप लागत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

प्रश्न : दरवेळी झोप लागते.

डोळे अर्धे उघडे, नजर दीड मीटरवर जमिनीकडे. जेवणानंतर दोन तास बसू नका. एवढं करूनही रोज डुलकी लागत असेल तर तुम्हाला झोप कमी पडतेय. आधी ती पुरी करा.

प्रश्न : शांत बसलं की उलट भीती वाटते, जुने प्रसंग समोर येतात. रेटून नेलं तर जाईल का?

रेटू नका. काहींच्या बाबतीत असं होतं, आणि ‘मनातला कचरा बाहेर पडतोय’ असं सांगून त्यांना बसवून ठेवणं घातक आहे. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, उठून चाला. पुढच्या वेळी बसण्याऐवजी चालतच करा : दहा-बारा पावलांची सरळ वाट, टाच टेकली, पाऊल टेकलं, उचललं, एवढंच पाहत. डोळे उघडे, वेळ तीन मिनिटं. प्रसंग पुन्हापुन्हा येत असतील, झोप उडाली असेल किंवा आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटत असेल, तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : रोज पाच मिनिटंच मिळतात. फरक कधी पडेल?

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत एका वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेच्या ध्यानाचा, अभ्यासक्रम ८ आठवड्यांचा आहे, घरचा सराव रोज पाऊण तासाच्या आसपास. त्यामुळे पाच मिनिटांचा हिशेब चौथ्या दिवशी मागू नका. पण पाच मिनिटं रोज, ही रविवारच्या एका तासापेक्षा बरी. दात घासून झाल्यावर लगेच बसा, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. गजर मंद आवाजाचा लावा आणि फोन पालथा, हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवा.